पूजेतली क्लिप

दसऱ्याच्या सकाळी मी हात धुऊन परत येईपर्यंत गाडीचे सगळे सुटे पाइप लांब होऊन आमच्या घरात शिरले होते. एक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला होता, एक देवघराच्या उंबऱ्यावरून, एक जिन्यानं वर गच्चीकडे. शेवटचा कुठे गेला ते दिसतच नव्हतं. बॉनेटखाली त्यांची नुसती मोकळी तोंडं माझी वाट बघत होती.

मला अतिशय आनंद झाला. आदल्या दिवशी मी गाडीचा वॉटर पंप स्वतः बदलला होता, मोबाइलवर बघून बघून, आणि तो बसलाही होता झकास. घोडं अडलं होतं ते पाइपांपाशी. कुठला कुठून काढला हे लक्षात राहील असं वाटलं होतं, ते राहिलं नव्हतं. आता निदान प्रत्येक पाइप कुठेतरी जात होता, आणि जो कुठेतरी जातो त्याचा माग काढता येतो.

तसा मी काही अगदीच अडाणी नाही. काढताना मी खुणा केल्या होत्या. तेलकट रबरावर खडू टिकेना म्हणून देवघरातून हळद, कुंकू आणि बुक्का आणला. ज्या पाइपाला कुंकू, त्याच्या जागेलाही कुंकू. हळदीला हळद, बुक्क्याला बुक्का, आणि उरलेला कोरा. इतकी सोपी पद्धत कुठल्या गॅरेजमध्ये नसेल. पण सकाळी आईनं गाडीची पूजा केली आणि दिसेल त्या तोंडाला हळदही लावली आणि कुंकूही.

"एकाला लावायचं नि दुसऱ्याला न्हाई, असं कसं?" आई म्हणाली. "सणाचा दिवस हाय."

हत्यारांचीही पूजा झाली होती. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं मीच घासूनपुसून देवघरात पाटावर मांडलं होतं आणि वर झेंडूची फुलं वाहिली होती. पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. तेव्हा आता जे काय करायचं ते नुसत्या हातांनी, आणि तेही सूर्य मावळायच्या आत.

सूर्याचं कारण आई. विट्यात आमची वस्ती ओढ्यापाशी संपते. दसऱ्याला दिवस मावळायच्या आत पूल ओलांडला की सीमोल्लंघन झालं, असं आम्ही धरतो. माझे वडील, आण्णा, दर दसऱ्याला याच पांढऱ्या गाडीतून पूल ओलांडून यायचे आणि आई ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी राहायची. आण्णा गेले आणि ताट माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या हातात गेलं. आईला दारात उभं राहायलाही कारण उरलं नाही. त्या वर्षी मी पूल ओलांडून आलो तेव्हा ती आत भिंतीकडे तोंड करून आपट्याची पानं निवडत बसली होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

मग साठी उलटल्यावर ती गाडी शिकली. रोज पुलापर्यंत जाते आणि तिथून वळवून आणते. आज मात्र ती वळवणार नव्हती. पूजा आटोपल्यापासून पदर खोचून ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून.

"झालं का रं?"

"होतंय."

पाइपाचा माग काढायची रीत सोपी आहे. एका तोंडातून फुंकायचं आणि वारा कुठे निघतो ते बघायचं. मी मंजिरीला घरात उभं केलं आणि पहिल्या पाइपात फुंकर मारली.

"देवघरातलं निरांजन विझलं," ती आतून म्हणाली.

म्हणजे हा दिव्यांचा. मी तो इंजिनाच्या मागच्या तोंडावर दाबून चढवला. रबर करकरलं, पाइप आखूड झाला आणि त्याच्या ओढीनं देवघर ओसरी ओलांडून गाडीच्या चाकापाशी आलं. पाइप आवळायच्या क्लिपेचा स्क्रू मी चमच्याच्या टोकानं पिळला. चमच्याची पूजा झालेली नव्हती. मंजिरीनं निरांजन परत लावलं तसे गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लागले.

"पिवळा उजेड हाय," आई म्हणाली. "बरा दिसतोय."

दुसऱ्या पाइपात फुंकलं तेव्हा दूध उतू गेलं. मंजिरी मला उद्देशून जे बोलली ते सणासुदीला लिहिण्यासारखं नाही. पण माझ्या अंगात वारं संचारलं होतं. मी तो पाइप चढवला आणि स्वयंपाकघर सरकत सरकत मागच्या सीटच्या जागी येऊन बसलं. ओटा, शेगडी, टांगलेलं चक्क्याचं फडकं, सगळं जागच्या जागी होतं. मंजिरीनं बसल्या बसल्याच आईला चहा दिला.

"हे आधीच करायचंस," आई म्हणाली. "गुडघ्याला किती आराम."

तिसरा पाइप गच्चीवरच्या टाकीचा निघाला, आणि तो पाण्याचा, हे सांगायला कुणी लागलं नाही. तो चढवताना मला कंबरेतून जोर लावावा लागला, कारण ओढायची ती अख्खी गच्ची होती. जिन्याच्या पायऱ्या एकात एक बसल्या, धुतलेल्या ताटल्या ठेवतो तशा. टाकी अलगद खाली उतरून रेडिएटरला टेकली. वाळत घातलेले माझे दोन शर्ट दोरीसकट आरशावर आले. पाणी आत उतरायला लागलं आणि कुठूनही एक थेंब गळला नाही.

इतकं मनासारखं काम मी जन्मात केलं नव्हतं. घर आता गाडीएवढंच राहिलं होतं. माझ्या पाठीला फाटक लागलं होतं, डाव्या कोपराला देवघराचा पाट, उजव्या कोपराला भिंत. वाकायचं तर बॉनेटच्या आतच वाकावं लागत होतं. एवढ्या अडचणीत हात कसा चालवायचा ते मला आपोआप समजत होतं. मी शीळ घालत होतो, आणि आई स्टेअरिंगवर बोटांनी ताल धरत होती.

शेवटच्या पाइपात मी फुंकलं.

"इकडे काही नाही," मंजिरी म्हणाली.

"माझ्याकडंबी न्हाई."

मी छाती भरून घेतली आणि पुन्हा फुंकलं, तेव्हा माझ्या मानेवरचे केस हलले. मागे हात नेऊन चाचपलं. पाइप सदऱ्याच्या कॉलरमधून आत गेला होता आणि खांद्याच्या पात्याखाली, जिथे आपला हात पोचत नाही, तिथे शिरला होता. दुखत अजिबात नव्हतं. उलट तिथे छान कोमट वाटत होतं. सगळा माग लागल्याच्या खुशीत मला हसू आवरेना.

"सापडला," मी म्हणालो.

"कुठं हुता?"

"माझ्यात."

"मग जोड की. ऊन उतरलंय बघ."

ऊन खरंच उतरलं होतं. ओढ्याकडची झाडं तांबूस झाली होती. मी पाइपाचं तोंड पंपाच्या नळीवर चढवलं, त्यानं मला आणखी जवळ ओढलं, आणि मी टाकी नि इंजिन यांच्यामधल्या पोकळीत नेमका बसलो. क्लिपेसाठी हात पुढे केला तर क्लिप नव्हती. ती पाटावर होती, पक्कडीशेजारी, झेंडूच्या फुलाखाली. हत्यारं मांडताना शोभेला म्हणून मीच ती तिथे ठेवली होती. माझ्या कोपरापासून वीतभरही लांब नसेल.

"आई, ती एक क्लिप घेऊ का?"

"पूजेतलं उचलायचं न्हाई," आई म्हणाली. "उद्या घे."

तिनं ते सहज म्हटलं, पण तिची नजर ओढ्याकडे होती. मी हट्ट केला असता तर ती नाही म्हणाली नसती. पण नेम मोडून पूल ओलांडायचा नाही म्हणून ती गुपचूप खाली उतरली असती, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा पानं निवडत बसली असती. ते मला बघवलं नसतं.

"राहू दे, मी हातानं धरतो," मी म्हणालो, आणि दोन्ही मुठींनी जोड आवळला. क्लिपेपेक्षा चांगला बसला.

"किती वेळ धरणार?" मंजिरीनं विचारलं.

"पूल ओलांडेपर्यंत."

"आणि तिथून पुढे?"

याचा मी विचार केला नव्हता. आई उतरून पुढे आली. तिनं जोड नीट निरखून बघितला, मान डोलावली. मग कोयरी घेऊन तिनं माझ्या दोन्ही मुठींना हळद लावली, कुंकू लावलं, आणि डोक्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. म्हणजे आता मलाही उद्यापर्यंत कुणी उचलणार नव्हतं.

"नीट धर हं," ती म्हणाली. तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. तिनं बॉनेट लावलं.

किल्ली फिरली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं की बघा, काही उरलं नाही, काही गळत नाही, सगळं जिथलं तिथे आहे. टाकीतलं पाणी खाली उतरलं, माझ्या पाठीतून शिरलं, छातीतून फिरलं आणि मुठींमधून पंपात गेलं. आई गियर टाकत होती आणि तो माझ्या मांडीशी खट्ट करून पडत होता. मागे कढईत पुरी फुगल्याचा वास आला.

पूल आला तेव्हा तिनं वेग कमी केला. रोजच्या सवयीनं स्टेअरिंग क्षणभर थोडं वळलं, आणि पुन्हा जागेवर आलं. मग पुलाचे जोड एकेक करून माझ्या पाठीखालून गेले, आणि रस्त्याचा आवाज बदलला. तो मला न ओळखणारा, लांबच लांब आवाज होता. आई हसत होती. इतकं मोठ्यानं हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"आता कुठं?" तिनं विचारलं.

"सरळ," मंजिरी म्हणाली.

गाडीनं वेग घेतला. पाणी तापत चाललं होतं, मुठी फुगत होत्या, आणि मी त्या आणखी आवळल्या. समोरून बैलगाडी येत असावी, कारण आईनं हॉर्न दाबला आणि माझं तोंड उघडलं. तिला तो आवाज फार आवडला. समोर कुणी नसतानाही ती हॉर्न दाबू लागली.