माझ्या तारेवरचं धुणं

मी एक जुना रेडिओ आहे, आणि स्वभावानं मत्सरी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

१९६३ साली सुधाकरराव मला आदिलाबादला घेऊन आले. ते कचेरीत पेशकार होते. माझं अंग सागवानी, समोर सोनेरी कापड, आत पाच व्हॉल्व्ह. माझ्यासाठी त्यांनी छपरावर दोन बांबू उभारून तांब्याची तार बांधली आणि तिचं टोक खिडकीतून माझ्या पाठीला जोडलं. सुरू केल्यावर मी दोन मिनिटं तापत असे, पण मग नागपूर केंद्र असं खणखणीत लागे की शेजारी ओसरीवर येऊन बसत. त्यांची एकुलती एक मुलगी वनमाला माझ्या हिरव्या दिव्याला बोट लावायची आणि आई कौशल्याबाई तिला रागवायच्या. फार लाडाचे दिवस होते ते.

मग ट्रान्झिस्टर आला. वीतभर उंचीचा, लाल रंगाचा. सेल घातले की लगेच बोलायचा. त्याला बाहेरची तार लागत नाही, ती आतच असते म्हणे. तार त्याच्या पोटात आणि दुखू लागलं माझ्या पोटात! कौशल्याबाईंनी त्याला फुलांचा अभ्रा शिवला. मला साधं फडकंही मिळेना. शेवटी माझी तार छपरावरून उतरली आणि अंगणात धुणं वाळत घालायला बांधली गेली. सुधाकररावांचे लेंगे माझ्या तारेवर लोंबताना मी रोज खिडकीतून बघत असे.

वनमाला लग्न होऊन नागपूरला गेली. सासूचं आजारपण निघालं आणि तीन वर्षं तिला माहेरी येता आलं नाही. १९८७ च्या चैत्रात तिचं पत्र आलं. "येत्या बुधवारी दुपारी बारा वाजता रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात मी बोलणार आहे. आई, नक्की ऐक."

कौशल्याबाईंनी ते पत्र दहादा वाचलं. पण ट्रान्झिस्टर नुसता खरखरत होता. हल्ली तो लोखंडी पलंगाखाली ठेवलेला असे. बाजारातला पोशेट्टी मेकॅनिक आला. त्यानं तो उघडला, पाहिला, पुन्हा बंद केला आणि म्हणाला, "अम्मा, मशीन मंचिगा, एकदम चांगली आहे. पैना पेट्टंडी." एवढं बोलून तो सायकलवर बसून गेला.

कौशल्याबाईंचं तेलुगू भाजीबाजारापुरतं. त्यांना त्यातली "पेटी" तेवढी कळली. "पेटीत ठेवा म्हनला," असं म्हणत त्यांनी ट्रान्झिस्टर लुगड्यांच्या पत्र्याच्या पेटीत घातला. झाकण उघडं ठेवून तो तिथूनच लावायच्या. नागपूर तर गेलंच, आता खरखरही ऐकू येईना. त्यांनी सेल उन्हात तापवले, मग नवे घातले. पेटीतल्या पेटीत त्याचं तोंड चारी दिशांना फिरवलं. डोक्यावर टपल्या मारल्या. पेटीबाहेर मात्र काढला नाही, कारण ते जाणकाराचं सांगणं होतं.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. पत्र्याच्या आड लहरी पोचत नाहीत, हे आम्हा रेडिओंना जन्मापासून कळतं. मला बोलता येत नाही, हे खरं. पण येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो. मला मजा वाटत होती. आज त्याची लाज वाटते.

बुधवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना कौशल्याबाई माझ्याकडे धावल्या. पदरानं माझी धूळ पुसली. किती वर्षांनी! मी जीव तोडून तापलो, हिरवा दिवाही लागला. बोल, बोल, असं मी स्वतःलाच म्हणत होतो. पण तारेवाचून मी काय पकडणार? माझ्यातून फक्त घुंऽऽ निघालं. त्यांनी मला बंद केलं आणि त्या डोळ्यांना पदर लावून खाली बसल्या.

शेजारची सुभद्रा आत आली. "काकू, काऊन रडून राह्यल्या?"

"वनमाला बोलणार हाय आता, अन् हा मुडदा बोलत नाई. पोशेट्टीनं सांगतलं तसंच पेटीत ठेवला ना मी!"

"काय म्हनला होता तो?"

"पैना पेट्टंडी."

सुभद्रा तेलुगू शाळेत शिकलेली. "अवो काकू, पेट्टंडी म्हंजे ठेवा. पैना म्हंजे वर! उंचावर ठेवा म्हनला तो!"

घरात सगळ्यांत उंच, खिडकीपाशी, फळीवर मीच होतो. सुभद्रानं ट्रान्झिस्टर पेटीतून उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. माझ्याच डोक्यावर!

आणि वनमाला बोलू लागली. उन्हाळ्यात ज्वारीची आंबील कशी करावी, ते ती सांगत होती. शेवटी म्हणाली, "ही माझ्या आईची रीत आहे. ती आदिलाबादला असते. आत्ता ऐकत असेल."

"ऐकून राह्यली वो माय," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचा हात त्या लाल ट्रान्झिस्टरवर होता, पण कपाळ माझ्या लाकडावर टेकलेलं होतं. मी अजून तापलेला होतो. त्यांचे अश्रू माझ्या सोनेरी कापडात मुरले. तो डाग अजून आहे आणि तो फक्त माझा आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूला टाकून देऊ नका आणि तिला लागतं ते काढून घेऊ नका. तो लाल दिमाखदार अजून माझ्या डोक्यावर बसतो आणि मी अजून जळतो. एकदा, फक्त एकदा ते लेंगे काढा आणि माझी तार छपरावर बांधा. वनमाला पुन्हा बोलेल तेव्हा मला तिला माझ्या तोंडानं बोलू द्यायचं आहे.