हात पुरेल तो खण

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो, पण माझ्यात कधी कुणी कपडे ठेवले नाहीत की भांडी. माझ्यात गुन्हे ठेवत. घाबरू नका, गुन्हे म्हणजे लोकांच्या तक्रारींचे कागद! एका पोलीस ठाण्यात, कारकुनाच्या खुर्चीमागे मी उभे असे.

सुतार मला घडवत होता तेव्हा माझे चौकोनी खण पाहून त्याची बायको म्हणाली, "एवढी खुराडी कशाला? कबुतरं पाळणार आहेत का?"

"गुन्हे ठेवणार आहेत," सुतार म्हणाला.

"गुन्हा तो गुन्हा. त्याला वेगवेगळी घरं कशाला लागतात?"

सुतार रंधा मारत राहिला. मला मात्र त्या प्रश्नाने पछाडले. ठाण्यात येताच माझ्यावर पाट्या लागल्या. वरच्या रांगेत खून आणि मारहाण. तिच्याखाली फसवणूक आणि विश्वासघात. मग चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा. अगदी तळाशी एकच मोठा खण होता, 'हरवले'. तो गुन्ह्याचा नव्हताच. हरवलेली वस्तू कुणी आणून दिली तर त्यातले कागद पाहायचे, एवढेच.

माझे पहिले कारकून म्हणजे छत्रीकाका. ऊन असो की पाऊस, छत्री त्यांच्या काखेतच. नवे शिपाई आले की ते छत्री टेबलावर ठेवत आणि शिकवणी सुरू होई.

"माझं लक्ष नसताना कुणी ही उचलली, तर काय झालं?"

"चोरी!"

"घराचं कुलूप फोडून नेली तर?"

"घरफोडी."

"चाकू दाखवून हिसकावली तर जबरी चोरी, आणि टोळीनं येऊन तेच केलं तर दरोडा. आता बघा, मी विश्वासानं तुला सांभाळायला दिली आणि तू ती विकून खाल्लीस, तर विश्वासघात. आणि 'मी तुमच्या मेहुण्याचा मित्र' अशी थाप मारून कुणी माझ्याच हातून घेतली, तर ती फसवणूक. छत्री तीच राहते रे, पण हातातून गेली कशी ते विचारायचं."

"आणि काका, तुम्हीच कुठं विसरलात तर?"

"तो गुन्हा नाही. त्याचा निकाल घरी आमच्या मंडळींकडे लागतो!"

सगळे हसत, आणि मी मनातल्या मनात सुताराच्या बायकोला उत्तर देऊन टाकत असे. पण ते उत्तर अर्धेच होते, हे मला पुढे कळले.

छत्रीकाका निवृत्त झाले. नवे कारकून स्वभावाने भले, अक्षर मोत्यासारखे, पण उंची बेताची. वरच्या खणांसाठी ते स्टुलावर चढत. एके दिवशी स्टुलाचा पाय मोडला. दुरुस्तीला मंजुरी हवी होती, आणि ती काही येईना. तोवर वरच्या रांगांचे कागद ते तळाच्या खणात सारू लागले. "तात्पुरतं," असे स्वतःशीच म्हणत. चार दिवसांनी ते तेही म्हणेनासे झाले.

अशात एक शिवणकाम करणारी बाई आली. बापाविना दोन मुली वाढवत होती. दारात एक माणूस आला होता, हातात तेलाची बुधली. 'दुकानातून आलोय, मशीन साफ करून संध्याकाळी आणून देतो,' म्हणाला आणि तिचे शिलाई मशीन तिच्याच मदतीने हातगाडीवर चढवून घेऊन गेला. संध्याकाळ झाली, तो परतला नाही. तिच्या घरात शाळेच्या गणवेशांचे कापड पडून होते.

"चोरी झाली म्हणता, पण मशीन तुम्हीच दिलंत ना?" कारकुनांनी विचारले.

"हो, पण..."

"मग ती चोरी नव्हे."

ते बरोबरच बोलले होते. कागद फसवणुकीच्या खणात जायला हवा होता. त्यांनी वर पाहिले, कोपऱ्यातल्या तीन पायांच्या स्टुलाकडे पाहिले, आणि कागद 'हरवले'मध्ये गेला. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कुठली जीभ!

बाई पुन्हा पुन्हा येऊ लागली. दर वेळी उत्तर एकच, "सापडलं तर कळवू." एके दिवशी तिचा धीर सुटला.

"हरवायला ती काय सुई आहे का, भाऊ? दोन माणसांनी उचलायचं धूड आहे ते! गणवेशाचं काम हातचं गेलं. आता पोरींना काय घालू खायला?"

आवाज ऐकून ठाण्याच्या मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी कागद मागितला. तो तळाच्या खणातून निघालेला पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा इथं कसा?"

कारकुनांनी मान खाली घातली. "मॅडम, वर हात पुरत नाही."

मोठ्या बाईंनी तो खण रिकामा केला आणि जमिनीवर बसकण मारली. कारकूनही बसले. एकेक कागद उचलून त्या विचारत, "ही वस्तू हातातून कशी गेली?" फसवणुकीचे कागद एका बाजूला जमू लागले. कुणाचा पंखा गेला होता, कुणाचे घड्याळ, कुणाची सायकल. आणि जवळजवळ प्रत्येक कागदात तीच तेलाची बुधली!

"अहो, हा तर एकच माणूस आहे," कारकून पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मित्रांनो, तेव्हा मला बाकीचे अर्धे उत्तर मिळाले. सारखे गुन्हे शेजारी ठेवले की त्यांच्यामागचा माणूस दिसतो. हरवलेल्या किल्ल्या-चष्म्यांच्या ढिगात तो आरामात लपून बसला होता.

जुन्या बाजारातल्या एका दुकानात तो सापडला. मशीनही मिळाले. कात्री पडून उडालेल्या टवक्यावरून बाईने ते ओळखले आणि तिथेच रडू लागली. गणवेशाचे काम मात्र परत आले नाही. पुढचे काम मिळेपर्यंत त्या घराने फार ओढाताण सोसली, आणि ती टाळता आली असती, याचे मला अजून वाईट वाटते.

आता ठाण्यात संगणक आला आहे. मी व्हरांड्यात उभे आहे, आणि माझ्या खणांत शिपायांच्या छत्र्या असतात. माझी तक्रार नाही. फक्त एवढेच सांगायचे आहे, कुणी आपले दुःख घेऊन तुमच्यापाशी आले, तर ते जिथे हात पुरतो तिथे ठेवू नका, जिथे त्याची जागा आहे तिथे ठेवा. आणि घरात एखाद्या स्टुलाचा पाय मोडला असेल, तर तो आजच बसवा.

आमच्या स्टुलाचा पाय कारकुनांनी, तो खण रिकामा झाला त्याच संध्याकाळी, स्वतःच्या हाताने ठोकून बसवला. पुढे ती बाई एक छोटी गादी शिवून घेऊन आली. स्टुलावर ती नीट बांधत म्हणाली, "भाऊ, ही बसायला नाही हं. उभं राहायला आहे."