बाजारातली म्हातारी

ख्रिस्तजन्माच्या चित्रासाठी आन्येलोनं सगळं घरच कामाला लावलं होतं. बायको पोर्झिया मरिया झाली, तान्हा तित्ता बाळ येशू झाला, आणि अंड्यांची टोपली घेऊन गुडघे टेकणारी धनगरीण झाली त्याची आई, तोल्ला. नेपल्सच्या बाजारात ती वजडी विकायची. त्या वजडीच्या पैशावरच पोरगा रंग घोटायला शिकला. पण वेदीवरच्या चित्राचं काम मिळावं म्हणून त्यानं सरदार फेर्रान्तेला बेधडक सांगितलं होतं, की आपण खानदानी घरातले, आईवडील कधीच वारले.

एक दिवस फेर्रान्ते न कळवताच चित्र बघायला आला.

"वा! ही मरिया कोण?"

"माझी बायको, सरकार. आणि हे आमचं पोरगं," आन्येलो छाती फुगवून म्हणाला.

"आणि ही? काय थोबाड आहे! कुठून उकरून काढलीत?"

तोल्लानं मान वर केली. मुलगा आता आपलं नाव घेणार, म्हणून ती हसायच्या बेतात होती.

"ही होय? बाजारातून धरून आणलीय."

पोर्झियाच्या मांडीवर पोर रडायला लागलं. तिनं त्याला थोपटलंसुद्धा नाही. तोल्ला मात्र चटकन सावरली.

"मालक, मान अशीच धरू, का खाली घालू?"

"खाली," आन्येलो म्हणाला. ते डोळे त्याला सोसवेनात.

फेर्रान्तेची पाठ वळताच पोर्झिया कडाडली, "आई आहे ती तुमची! जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"तू गप गं," तोल्ला म्हणाली. "हे काम गेलं तर खाल काय? वजडी?" आणि एकटीच हसली.

नाताळच्या दिवशी चित्र वेदीवर चढलं. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्यात तोल्लाशेजारी उभी असलेली मासेवाली कार्मोसीना मागून ओरडली, "अगं बाई, तोल्ला! देवाच्या पायाशी बसलीस की! पोरानं पांग फेडले गं आईचे!"

फेर्रान्तेनं वळून पाहिलं. त्याच्याशेजारी नवा अंगरखा घालून उभ्या असलेल्या आन्येलोला दरदरून घाम फुटला. तेवढ्यात आईच बोलली.

"डोकं फिरलं का तुझं? कसलं पोर? मालकांनी बाजारातून नेलं, मी जाऊन बसले. मला ना पोर ना बाळ."

"अगं पण..."

"चल म्हणते ना!" तिनं कार्मोसीनाचं मनगट धरलं आणि गर्दीतून तिला ओढत दाराकडे निघाली.

"वेड्या आहेत या बायका," फेर्रान्ते हसला. आन्येलोही हसला. हसला तो नालायक! तोल्लाचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती सावकाश चालली होती. दारापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. तोवर त्यानं एक हाक मारली असती, तर तिला ऐकू गेली असती.