बग्गीचा पंखा

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि विरिला या एकाकी गुरांच्या वाडीतल्या घराभोवती नजर पोचेल तिथपर्यंत पाणी होतं. उत्तरेला शेकडो मैलांवर पाऊस पडतो आणि त्याचं पाणी रमतगमत आठवड्यांनी इथे येतं. मग गुरं एका उंचवट्यावर, माणसं दुसऱ्यावर, आणि साप दोन्हीकडे. पाणी ओसरेपर्यंत बसून राहायचं, दुसरं काही हातात नसतं.

रोवीनाला पुराचं फारसं वाटत नव्हतं. ती पुराच्या चार वर्षं आधीपासूनच अडकलेली होती. सासूचं, आयलीनचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून रोवीना घरापासून तासाभराच्या पलीकडे गेली नव्हती. म्हातारी एकटी राहिली की हमखास पडायची आणि रोवीना धावत आली की फरशीवरूनच विचारायची, "कुठे उलथली होतीस?" ॲडलेडला रोवीनाच्या मुलीला मुलगा झाला, तो आता बोलायलाही लागला, पण आजीनं त्याला अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं. नवरा क्लेम पूर यायच्या आत गुरं घेऊन पलीकडच्या उंच रानात गेला होता आणि चुलतभावाच्या घरी आरामात राहून रोज रात्री फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून बरंय गं." तो फोन ठेवला की रोवीनाला भांडी आपटावीशी वाटत.

आणि आता टूवूम्बाच्या एका वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली होती. शुक्रवारपर्यंत आयलीन पोचली तर ती तिची, नाहीतर रांगेतल्या पुढच्या माणसाची. विरिलाला टपालाचं विमान येतं ते बुधवारी, आठवड्यातून एकदाच. आज बुधवार होता.

विमान उतरायचं वाळूच्या टेकाडावर. घरापासून तिथवर सगळा काळा चिखल आणि मध्ये दोन ओहोळ. मोठी गाडी त्या चिखलात दारापर्यंत रुतली असती. जाणार ती फक्त बग्गी, दोघांनी शेजारी शेजारी बसायची, उघडी, जाड टायरांची. तिचा एकच जाच होता, इंजिन तापायचं. इंजिन तापलं की पंखा आपोआप सुरू व्हावा, पण तो आपोआप सुरू होणं मागच्या हिवाळ्यातच बंद पडलं होतं. क्लेमनं वायर ओढून दोन सीटांच्या मधे एक साधं खटक्याचं बटण बसवलं होतं. पाण्यात शिरताना बटण खाली, कारण फिरती पाती पाण्यात वाकतात आणि रेडिएटरच्या जाळीत घुसतात. पाण्याबाहेर आलं की बटण लगेच वर. विसरलं तर इंजिन उकळतं. या भागात अर्ध्या बग्ग्या याच एका विसरण्यानं मेल्या आहेत, तरी कुणी मालक ते कबूल करत नाही, दोष कंपनीला देतात.

रोवीनानं कुठे म्हणून कसर ठेवली नव्हती. आदल्या दिवशी जाळीतलं गवताचं बी आणि वाळलेला चिखल तिनं आतून बाहेर, साध्या नळीच्या मंद धारेनं धुऊन काढला होता. जोराची धार मारली की जाळीच्या पातळ पट्ट्या चेपतात आणि मग वारा आत शिरत नाही. पाण्याचे दोन डबे मागे बांधले होते. आयलीनची बॅगही तिनंच भरली होती. म्हातारी नुसती खुर्चीत बसून बघत होती.

"पट्टा लाव, आयलीन."

"तुझ्या आईचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा मी या रानात घोड्यावर गुरं हाकत होते. मला पट्टा कसला सांगतेस?"

"लाव म्हणते ना."

म्हातारीनं पट्टा लावला. डोक्यावर चांगली हॅट होती, मांडीवर पर्स. पहिल्या ओहोळात पाणी टायरांच्या वर चढलं. रोवीनानं बटण खाली केलं, पलीकडे निघाल्यावर वर केलं आणि पंख्याचा घूंऽऽ आवाज ऐकून मगच पुढे निघाली. काळ्या मातीतून बैलाच्या चालीनंच जावं लागत होतं. वारा नेमका पाठीमागून, बग्गीच्याच वेगानं, त्यामुळे जाळीला झुळूक म्हणून लागत नव्हती. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर असते.

दुसरा ओहोळ खोल होता. बटण खाली, हळूहळू आत, मधे इंजिन घुसमटलं, रोवीनाचा जीव टांगणीला लागला, पण निघाली एकदाची बाहेर. बटण वर.

"ते बघ, पेलिकन," आयलीन म्हणाली. "केवढा थवा! तिकडे, डावीकडे."

रोवीनानं पाहिलं. खरंच होते. सासू चार वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी छान दाखवत होती, म्हणून ती जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिला वाईटही वाटलं. शेवटच्या दिवशी का होईना, म्हातारी गोड बोलतेय, असं तिच्या मनात आलं.

टेकाड समोर दिसायला लागलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. मग लाल दिवा लागला. रोवीनानं कशीबशी बग्गी वळवून तिचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि इंजिन बंद केलं. जाळीतून वाफ फुसफुसत होती. पंख्याचा आवाज नव्हता. मोटर जळली, असं म्हणत ती खाली उतरली, फ्यूज काढून पाहिला, वायर चाचपली. सगळं शाबूत होतं. मग तिची नजर दोन सीटांच्या मधे गेली.

बटण खाली होतं.

तिनं ते वर केलं. पंखा घूंऽऽ करत निमूट फिरायला लागला.

"मी चालू केलं होतं," रोवीना म्हणाली.

आयलीन समोर, आलेल्या वाटेकडे बघत होती.

"आयलीन, मी चालू केलं होतं."

"केलं होतंस. मी बंद केलं." म्हातारीनं पर्स दोन्ही हातांनी धरली. "हात लागला वगैरे सांगणार नाही. मला खोटं बोलता येत नाही, ते तुझ्या नवऱ्याचं काम."

रोवीनाच्या अंगाचा असा तिळपापड झाला की ती चिखलातून चार पावलं लांब गेली आणि परत आली. ओरडून उपयोग नव्हता. तिनं डबा सोडला आणि जाळीवर बारीक धारेनं पाणी सोडायला लागली. इंजिनावर एक थेंब पडू द्यायचा नव्हता, तापलेलं लोखंड तडकतं. झाकण उघडायचं नव्हतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. डोकं भडकलेलं असताना हात मात्र शिकवल्यासारखे नीट चालत होते.

तेवढ्यात विमानाची घरघर आली. ते डोक्यावरून गेलं आणि टेकाडामागे उतरलं. रोवीनानं वायरलेस रेडिओ उचलला.

"डेस, आम्ही एका किलोमीटरवर आहोत. इंजिन तापलंय."

"वरून दिसलात," वैमानिक म्हणाला. "पंधरा मिनिटं थांबतो, रो. जास्त नाही जमायचं, पुढच्या घरी एका बाईचं इन्सुलिन संपलंय."

"थांब. येतोच."

ती सीटवर येऊन बसली. काटा लालवरून केसभर उतरला होता. अशीच हाकली तर बग्गी टेकाडापर्यंत पोचली असती, नक्की पोचली असती. पण इंजिन कायमचं गेलं असतं. म्हातारी विमानातून गेली असती आणि रोवीना चिखलातून पायी घरी परतली असती, त्या घरात, एकटी, पाणी ओसरेपर्यंत. तिचा हात किल्लीवर गेला. एक किलोमीटर. एवढंच अंतर तिच्या आणि नातवाच्या मधे होतं. पंखा फिरत होता, काटा मुंगीच्या पावलांनी उतरत होता, आणि हात किल्लीवर नुसता पडून होता.

"डेस, अजून पाच मिनिटं," ती म्हणाली.

"सॉरी, रो."

विमान टेकाडावरून वर आलं, वळलं आणि पश्चिमेकडे गेलं. रोवीना रडायला लागली. मोठ्यानं, नाक ओढत, लहान पोरीसारखी. आयलीननं पर्स उघडून रुमाल काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"मला तिथे मरायचं नाही," म्हातारी म्हणाली. "मुळात मला कुणी विचारलंच नाही. क्लेमनं फोनवर ठरवलं आणि तू बॅग भरलीस."

"मग बोलायचं होतंस! चार वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेस, तेव्हा कशी जीभ चालत होती?"

"बोलून काय झालं असतं?" म्हातारीनं पर्स मिटली. "पण एक सांगू? काटा केव्हाच खाली आला होता. पूर्ण नसेल, पण पोचण्यापुरता. तू गाडी सुरू केली नाहीस."

"इंजिन गेलं असतं."

"हो. आणि मी पोचले असते. तू इंजिन वाचवलंस."

रोवीनाला हे कानाखाली बसल्यासारखं लागलं, कारण ते खरं होतं. म्हातारीनं तिला पाच मिनिटं अडकवलं होतं. पुढची पंधरा तिनं स्वतःच खर्च केली होती. का, ते तिला नेमकं सांगता येईना. आयलीनची दया आली असं म्हणावं तर आत्ता या क्षणी तिला दया अजिबात येत नव्हती. सोडून जायची तिला सवयच राहिली नव्हती. घर, पंप, कुत्री, म्हातारी, बग्गी, जे समोर असेल ते सांभाळायचं, बिघडू द्यायचं नाही, एवढंच तिच्या हातांना येत होतं. आणि हे ओळखून घरचे सगळे निवांत होते, पलीकडचा क्लेम सगळ्यांत जास्त.

तिनं डोळे पुसले आणि रेडिओ उचलला.

"डेस, ऐकू येतंय?"

"बोल, रो. फार वाईट वाटलं गं."

"पुढच्या बुधवारी येताना चुलतभावाकडे उतरून क्लेमला घेऊन ये. ऐकणार नाही, गुरं आहेत म्हणेल. गुरं चुलतभाऊ बघेल म्हणावं. तो उतरला की त्याच सीटवर मी बसणार."

रेडिओ खरखरला. "तू? आणि आयलीन?"

"आयलीन घरीच. तिचा मुलगा येतोय ना."

आयलीननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. विमान आलं तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

"क्लेमला अंडं उकडता येत नाही," ती म्हणाली. "मी पडले तर तो मला उचलताना स्वतः पडेल."

"शिकेल."

"आणि रात्री? रात्री मला उठावं लागतं, तुला माहितीये. त्याला हाका मारून उपयोग नाही, तो मेल्यासारखा झोपतो."

"त्याला सांग हे. मला नको सांगूस."

रोवीनानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि तिनं बग्गी घराच्या दिशेनं सोडली. वारा आता समोरून येत होता.

"परत येशील ना, रो?" आयलीननं विचारलं. सव्वीस वर्षांत तिनं सुनेला 'रो' म्हणून कधी हाक मारली नव्हती.

रोवीनाच्या तोंडात "हो" अगदी तयार होतं. गेली चार वर्षं ते तिथेच असायचं, कुणी काही मागितलं की निघायचं. तिनं ते आवरलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.