मनगटावरचा हात

पडद्यावर चौकोनच चौकोन. प्रत्येक चौकोनात एक घर, घरात न बोलणारा एखादा तरुण मुलगा नाहीतर मुलगी, आणि शेजारी डोळे पुसणारी आई. मधल्या मोठ्या चौकोनात वाचादीदी. पांढरा पोशाख, साखरेत घोळलेला आवाज, आणि पाठीमागे संगणकाने लावलेला सूर्योदय. दीदी हलल्या की सूर्य त्यांच्या कानाचा लचका तोडायचा.

“हात धरा, शंका सोडा, बंद ओठांचं कुलूप तोडा,” दीदी म्हणाल्या, आणि सगळ्या चौकोनांनी ओठ हलवले. आपापला आवाज बंद ठेवायचा नियम होता, त्यामुळे जयघोषही मुकाच उठला.

मग दीदींनी शेजारच्या तरुणाचं मनगट दोन बोटांनी उचललं. समोर अक्षरांचा तक्ता. त्याचं बोट अक्षराअक्षरावरून फिरलं आणि वाक्य झालं: ‘मी मुका नव्हतो, जग बहिरं होतं.’ पडद्यावर लाल बदामांचा सडा पडला.

पडद्यासमोर माझी आईही रडत होती. तिच्याजवळ माझा धाकटा भाऊ बसला होता. तेविशीतला, स्वमग्न, जन्मापासून तोंडात एक शब्द नाही. तसंच मनगट धरून आई हल्ली रोज त्याला ‘बोलतं’ करायची. तो मात्र पंख्याकडे बघत होता.

बाबा गेले, मी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला आले, आणि त्या दोन खोल्यांत आई आणि धाकटा उरले. आई बोलायची भांड्यांशी, आई बोलायची दाराशी, आई बोलायची लेकाशी. उत्तर कुठूनच यायचं नाही. अशा घरात एक दिवस तक्ता बोलला: ‘आई, मी सगळं ऐकत होतो. माझा तुझ्यावर राग नाही.’ त्या दिवशी आईने मला फोन केला, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं.

त्याआधी धाकट्याचा एक साधा ऑनलाइन वर्ग होता. एक सर आठवड्यातून एकदा अशा पाच-सहा तरुणांना पडद्यावर जमवायचे. जो तो आपल्या घरी बसून टॉवेलची घडी घालायचा, बटाटे सोलायचा, चित्रांच्या कार्डावर बोट ठेवून काय हवं ते सांगायचा. चमत्कार शून्य. पण धाकटा स्वतःचा चहा स्वतः करायला शिकला होता. तक्त्यावर ‘हा पोरखेळ मला नको’ असं आलं, आणि आईने वर्ग बंद केला.

वर्गाची वेळ झाली की धाकटा तरीही टॉवेल घेऊन बंद लॅपटॉपसमोर बसायचा.

“आई, तो वाट बघतोय गं.”

“नाही. तक्त्यावर म्हणाला तो, जुनी सवय आहे, सुटेल.”

आणि मग तक्त्यावर आलं: ‘मला दीदींच्या निवासात पाठवा.’ हा निवास दूर कुठेतरी होता. तिथे वर्षभर राहायचं, घरच्यांनी भेटायचं नाही. भेटीने वाणी आटते म्हणे. मी गेले तेव्हा आई त्याच्या कपड्यांवर दोऱ्याने खूण घालत बसली होती.

“त्याचीच इच्छा आहे. मी कोण अडवणार?”

“आई, तो तक्त्याकडे बघतसुद्धा नाही. पंख्याकडे बघत बोट बरोबर अक्षरावर पडेल? तू डोळे मिटून एक ओळ लिहून दाखव.”

“दीदी म्हणतात, त्याला आतून दिसतं.”

“मग बाथरूमची कडी का नाही दिसली आतून? परवा अडकला होता ना?”

आईला हसू आलं, तिने ते लगेच गिळलं.

मी सरांना फोन लावला. वाटलं होतं, ‘मी सांगत होतो’ म्हणतील. ते म्हणाले, “आईंना खोटं पाडायला जाऊ नका. त्या फसवत नाहीयेत. मनात शब्द आला की हात नकळत ढकलतो, आणि वाटतं समोरचाच ओढतोय. एकच करा. दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवा, एकमेकांची दिसणार नाहीत अशी. नाव कोणत्या चित्राचं येतं ते बघा.”

आईला हे सांगितलं. ती भांडेल म्हणून तयारीने गेले होते. तिने दोरा गुंडाळून ठेवला.

“करू. तो एवढ्या लांब जाणार. तोच म्हणतोय याची माझ्या मनाला एकदा खात्री होऊ दे. पण दीदींना सांगू नकोस. परीक्षा घेतली की वाणी रुसते म्हणतात.”

“रुसेल नाहीतर काय. अभ्यास कुठे झालाय तिचा?”

“पुरे,” आई म्हणाली.

दोघांच्या मधे मी पुठ्ठा उभा केला. खालून आईचा हात त्याच्या मनगटापर्यंत पोचत होता, समोरचा तक्ता दोघांना दिसत होता. पहिल्यांदा दोघांना एकच चित्र दाखवलं, छत्री. तक्त्यावर आलं, छत्री. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू धाकटा शाळेत पहिला आला होता.

मग त्याला किल्ली दाखवली, आईला कप. तक्त्यावर आलं, कप.

त्याला कंगवा, आईला बूट. आलं, बूट.

“तुझं चित्र कोणतं?” आईने धाकट्याला विचारलं आणि पुठ्ठा बाजूला केला. कंगवा. तिने त्याचं आधीचं कार्ड उलटलं. किल्ली. तिचा हात त्याच्या मनगटावरून सुटला.

हात सुटल्यावर धाकटा उठला. खिळ्यावरची घराची किल्ली काढून त्याने आईपुढे ठेवली, आणि पुन्हा पंख्याकडे बघत बसला.

आई त्या किल्लीकडे बघत होती. “मग ‘तुझ्यावर राग नाही’ असं कोण म्हणालं मला?”

मी कार्डं गोळा करायला लागले.

“मीच,” ती म्हणाली. “आणि याला लांब पाठवा, तेही मीच. दीदी रोज निवासाचं सांगायच्या, आणि मी दमले होते गं.”

पुढच्या सत्रात आईने नियम मोडून आपला आवाज सुरू केला. चित्रांचं सगळं सांगितलं.

“माताजी, तुमचा विश्वास तुटला, म्हणून पूल तुटला,” दीदी म्हणाल्या.

“पूल नव्हताच, दीदी. माझाच हात होता. तुम्ही करून दाखवा ना एकदा, इथे, सगळ्यांसमोर. दोन चित्रं फक्त.”

दीदींच्या कानाजवळचा सूर्य थरथरला, आणि आमचा पडदा काळा झाला. आम्हाला बाहेर काढलं होतं. निवासाचा विषयही तिथेच संपला.

नंतर एकाच माणसाचा फोन आला, कुठल्याशा चौकोनातल्या बापाचा. चित्रं कशी दाखवायची, पुठ्ठा केवढा घ्यायचा, सगळं त्याने नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, “राहू द्या, ताई. मुलगा रोज मला ‘बाबा’ लिहितो.” आणि फोन ठेवला.

या माणसाला मी हसत नाही. पण त्याला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना हात जोडून सांगते: जो चमत्कार तपासू देत नाही, त्याला लपवायचं काहीतरी असतं. ज्याचं उत्तर हवंय, त्याचा हात मोकळा सोडा आणि थांबा. बोटाने दाखवेल, चित्र उचलेल, पाठ फिरवेल. तेही बोलणंच आहे, आणि ते शिकवणारी साधी, सावकाश माणसं आहेत. कदाचित काहीच येणार नाही. घर पुन्हा गप्प होईल, आणि ते सोसायला कठीण जाईल. पण ती शांतता निदान त्याची स्वतःची असेल, आणि तिच्यात बसल्यावरच तो खरोखर कुठे बघतोय ते आपल्याला दिसेल.