चौकस नानाचा चमचा

बाजाराचा दिवस, वैशाखाचं ऊन, आणि पारोळ्याच्या किल्ल्याजवळ घातलेल्या मांडवात पाय ठेवायला जागा नाही. मांडवात लोहनाथ महाराज बाजेवर उभे राहून लोकांच्या दंडाला स्टीलचा चमचा लावत होते. ज्याने कधी सुई टोचून घेतली असेल त्याच्या दंडाला चमचा चिकटायचा. महाराज हात काढून घ्यायचे, तरी पडायचा नाही. गर्दी "आय वो!" करत मागे सरकायची आणि लगेच दुप्पट पुढे यायची.

"योगायोग समजू नका!" महाराज गरजायचे. "सुईवाटे चिप आत जाते. चिप म्हणजे लोखंड, म्हणून चमचा धरते. तुम्ही लोटा घेऊन परसाकडे निघालात, की वर उपग्रहाला घंटी वाजते!"

मग ते दंडाला भस्म चोळायचे. चमचा खळ्ळकन खाली पडायचा. भस्मावरून चुंबक फिरवला की त्याला बारीक काळे कण चिकटून यायचे. "निघाली चिप! आता घरी जा, आणि पुन्हा सुईच्या वाटेला जाऊ नका." माणूस हात जोडायचा, पेटीत यथाशक्ती टाकायचा आणि भस्माची पुडी खिशात घालायचा.

गर्दीत उभे असलेले भिकन आबा मात्र 'परसाकडे' आणि 'घंटी' हे शब्द ऐकून जागीच थिजले. ते वाक्य त्यांचंच होतं.

आबा जुने सोंगाडे. तमाशाचा फड मोडल्यावर शेतात राबले, म्हातारपणी एक नवंच काम मिळालं. धुळ्याची प्रज्ञा नावाची मुलगी केबलवरच्या वाहिनीसाठी अहिराणीत विनोदी कार्टून काढायची. तिच्या 'चौकस नाना'ला आबांनी आवाज दिला. नानाला जगात सगळीकडे कट दिसायचा. दूध फाटलं तर परदेशाचा हात, एसटी उशिरा आली तर उपग्रहाची चाल. कुणी समजावलं की नाना डोळे बारीक करून म्हणायचा, "योगायोग? येडा समजस का माले?" अशा माणसांची थट्टा करावी, एवढाच दोघांचा हेतू. एका भागात नाना दंडाला चमचा चिकटवून गावभर बोंबलत फिरतो. बोलताना आबांनाच हसू आवरेना, तीनदा थांबावं लागलं.

आज झुंबरबाई त्यांच्याबरोबर होत्या. शेजारीण. त्यांची नात सारिका, तिला कुत्रा चावलेला. डॉक्टरांनी पहिली सुई दिली आणि बजावलं होतं, पुढच्या चुकवू नका, हा रोग एकदा उठला की औषध नाही. पुढची सुई आजच होती. आबा सोबत म्हणून निघाले, पण झुंबरबाई दवाखान्याऐवजी मांडवात शिरल्या.

"अक्का, चला. डाक्तर उठी जाई."

"दवाखाना नको आबा. आधी पोरनी चिप काढी टाकू. आनी आते सुई बी नको."

"चिप-बिप काही नही शे, अक्का."

झुंबरबाईंनी त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. "तुमीनच तं टीव्हीमा सांगं! बठ्ठं गाव हासनं, मी ध्यानमा ठेवं."

टाळी मिळाली, हशा मिळाला, एवढ्यावर आबा खूश होते. सगळं गाव हसताना एखादी झुंबरबाई न हसता ते खरं मानून बसली असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. सारिका शेजारी प्लास्टिकच्या चमच्याने कुल्फी खात होती. पायाला पट्टी होती.

आबा गर्दी सारत बाजेजवळ गेले. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा सवयीने नानाचाच आवाज निघाला. "ओ महाराज! येडा समजस का माले?"

मांडव दणाणला. "चौकस नाना! नाना उना रे!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा त्याच आवाजात म्हणाले, "हाऊ बठ्ठा खेळ खोटा शे!" लोक आणखीच हसले. त्यांना वाटलं, नवा भाग सुरू झाला.

महाराज चतुर. त्यांनी आबांना हाताला धरून बाजेवर ओढलं. "पाहा! ज्यांनी आधी गुपित फोडलं, तेच साक्षीला आले! बोला, नाना, चमचा चिकटतो की नाही?"

"चिकटतो, पण..."

"ऐकलंत?" महाराजांनी पुढचं ऐकूच दिलं नाही. झुंबरबाईंनी पदर सावरला आणि सारिकाचा दंड उघडा करून रांगेत उभ्या राहिल्या.

आबांच्या कपाळावरून घाम गळत होता. त्या घाईतही त्यांना फडाचा जुना रिवाज आठवला. वग संपला की सोंगाड्याने तसंच आत जायचं नसे. लोकांसमोर तोंडाचा रंग पुसायचा, स्वतःचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, सोंग इथंच राहू द्या, घरी नेऊ नका. उस्ताद त्याशिवाय कुणाला उठू देत नसत. कार्टूनच्या चौकस नानाने मात्र कधीच तोंड पुसलं नाही. शेवटचं गाणं वाजलं की पडदा जाहिरातीकडे वळायचा. नाना आपला सोंगासकट घरोघरी राहून गेला होता.

आबांनी महाराजांच्या हातातला चमचा घेतला आणि स्वतःच्या कपाळावर दाबला. घामट कपाळावर तो घट्ट बसला.

"मी भिकन," ते स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. कुणी तरी हसलं. हसू विरेपर्यंत आबा थांबले. "मी भिकन. नाना नाही. माझ्या कपाळात कोणत्या डॉक्टरने सुई टोचली?"

महाराजांनी बोट वर केलं. "चिप रक्तातून फिरते! वर चढली असेल."

"आबा!" रांगेतून सारिका ओरडली. कुल्फीचा प्लास्टिकचा चमचा तिने पुसून आपल्या दंडावर ठेवला होता. तो तिथं ऐटीत बसला होता. "हाऊ बी चिकटना!"

पुढे बसलेल्या प्रेमराज न्हाव्याने तिच्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे. "काय महाराज, प्लास्टिकलाबी लोखंड ओढतं का?"

मांडवात पहिल्यांदाच दुसऱ्या जातीचं हसू पिकलं. चार-पाच जणांनी खिशातल्या किल्ल्या, कंगवे काढून गालावर, कपाळावर लावून पाहिले. कुणाचं चिकटलं, कुणाचं पडलं.

मग आबांनी कपाळावरचा चमचा काढला, खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि फडात पुसायचे तसं सगळ्यांसमोर तोंड खसाखसा पुसलं. कोरड्या कपाळावर चमचा पुन्हा लावला. खळ्ळकन पडला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"हा घाम आहे," ते म्हणाले. "घाम आणि अंगाचं तेल. त्याने गुळगुळीत वस्तू चिकटून राहते. भस्म चोळलं की अंग कोरडं होतं आणि चमचा सुटतो. घरी राखुंडी चोळा, पावडर चोळा, तेच होईल. प्रेमराज, तो चुंबक घे. परातीतल्या कोऱ्या भस्मातून फिरव. ते अजून कुणाच्या अंगाला लागलेलं नाही."

महाराज परातीकडे धावले, पण प्रेमराज आधी पोहोचला. चुंबक वर आला तो काळ्या कणांची दाढी घेऊनच.

"हा तर लोखंडाचा कीस!" मागून लोहार अभिमन ओरडला. "माझ्या दुकानाखाली पाटीभर पडलाय, चिपा हव्यात का कुणाला?"

महाराज भडकले. आबांच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाले, "मी खोटा? अरे, सगळं तुझ्याच कार्टूनातून घेतलंय! पहिल्यांदा बोललं कोण?"

हा घाव खरा होता आणि आबांनी तो चुकवला नाही.

"मी बोललो," ते म्हणाले. "थट्टा म्हणून बोललो. ही थट्टा आहे, हे शेवटी सांगायचं राहिलं. तुमच्या पुडीत माझाही वाटा आहे."

झुंबरबाई पुढे आल्या. "मंग तुमीन खोटं काब्रं सांगं, आबा? पोरले काही व्हतं तं?"

आबांनी सारिकाला उचलून घेतलं आणि दवाखान्याची वाट धरली. झुंबरबाई मागून आल्या. डॉक्टर निघायच्या बेतात होते, पण भेटले. सुई झाली. सारिकाने नर्सबाईंच्या हाताला चमचा लावून पाहिला. तो पडला, कारण त्यांनी नुकतेच हात धुऊन पुसले होते.

बाहेर पडताना आबांना भस्माच्या पुड्या घेऊन एसटीत चढणारी माणसं दिसली. मांडवातली सगळीच माणसं काही थांबली नव्हती. कितीतरी जण आधीच गावोगाव पांगले होते. त्यांतल्या कुणाच्या घरी सुई चुकणार होती, हे आबांना कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळं गाठलं. प्रज्ञाने सगळं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "नानाला बंद करू का, आबा?"

"नको. लोक हसले पाहिजेत. पण त्याला तोंड पुसायला लाव."

तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी कार्टून थांबतं आणि पडद्यावर खरे भिकन आबा येतात. उपरण्याने तोंड पुसतात आणि त्या दिवशी नाना जे जे बोलला त्यातलं खोटं काय, ते सांगतात. हशा थोडा कमी झाला आहे. आबांना त्याचं काही वाटत नाही. शेवटी ते एवढंच म्हणतात:

"कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला म्हणा, कोरडं पुसून पुन्हा कर. ज्याने सुई घेतली नाही त्याच्यावर करून दाखव. आणि मी सांगतो म्हणून माझंही खरं मानू नका. घरात चमचा आहे, तुमच्याजवळ कपाळ आहे. स्वतः करून पाहा."