मांडीवरची पिशवी

धाकट्याचा कॉम्प्युटर एका झटक्यात गेला नाही. कुरकुरत, धापा टाकत त्याने सहा महिने काढले. इमारतींचे नकाशे काढून देणं हा धाकट्याचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लावून टेबल, टेबलावर ते धूड आणि भिंतीशी गुंडाळलेल्या नकाशांची चळत. चार मजल्यांपर्यंतची इमारत असली तर नकाशा कसाबसा उघडायचा. त्यापुढे पडदा गोठायचा आणि आतला पंखा असा घरघरायला लागायचा की बायको स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, "गेला का?"

त्या वर्षी त्याला एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम मिळालं. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. जुन्या धुडाला ते झेपणार नाही हे उघड होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात त्याने नव्या लॅपटॉपची किंमत विचारली आणि ती ऐकून "बघतो, सांगतो" म्हणत काढता पाय घेतला.

संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला.

"वेड लागलंय का तुला? इथे कोण घेतं? आम्ही पुढच्या आठवड्यात ताईकडे निघालोच आहोत. हाच माल तिकडे निम्म्यात मिळतो."

थोरल्याला कुठलीही वस्तू छापील किमतीला घेतली की अपचन व्हायचं. त्याच्या घरातलं दाढीचं मशीन, पंखे, बायकोच्या पर्सेस, सगळं कुठूनतरी आणलेलं, आणि प्रत्येक वस्तूमागे एक किस्सा. कुणाला कसं गुंडाळलं, कुठल्या काउंटरवरून कसं निसटलो. पाहुण्यांना तो चहाबरोबर हे किस्से पाजायचा.

"पण कस्टमवाले?" धाकट्याने विचारलं.

"त्याची व्यवस्था आहे."

"कसली व्यवस्था?"

"तुला लॅपटॉप हवाय की व्यवस्था?"

धाकटा हसला. "बरं बाबा. कसा आणतोस ते मला सांगू नकोस. आण म्हणजे झालं."

हे वाक्य त्याने सहज टाकलं होतं. पुढे कित्येक दिवस ते त्याच्या दातांत अडकून राहिलं.

ताई, म्हणजे दोघांची मधली बहीण, लग्न होऊन परदेशात राहायची. थोरला, वहिनी आणि आई असे तिघं तिच्याकडे महिनाभरासाठी गेले. आई एरवी धाकट्याकडेच असायची. तिने अडतीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी केली होती. शहात्तर वर्षांची झाली तरी पाठ ताठ, पातळ कडक, आणि रोज सकाळी दोन किलोमीटर चालणं चुकायचं नाही. कुणी हात धरायला गेलं तर म्हणायची, "मी पडले की धर."

परतीच्या दिवशी तिघं विमानतळावरून थेट धाकट्याकडे आले. जेवायची वेळ होती. बायकोने पानं घेतली होती. आई दारातून आत आली, चपला काढल्या आणि सरळ न्हाणीघरात गेली. आतून पाण्याचा आवाज यायला लागला.

"प्रवासाने दमल्या असतील," बायको म्हणाली.

थोरल्याने एक मोठी कापडी पिशवी धाकट्याच्या टेबलावर ठेवली आणि जादूगाराच्या थाटात हात चोळले. पिशवीचं तोंड उघडलं तसा आंबूस, कोंदट भपकारा आला. धाकट्याने नाक दाबलं.

"हे काय मेलंय यात?"

"थांब तर खरं!" थोरला खदखदून हसला. वर मोठ्या माणसांचे डायपर होते, काही घडीचे, काही चोळामोळा झालेले, ओलसर, पिवळट. त्याने ते दोन बोटांनी उचलून वर्तमानपत्रावर टाकले. खाली प्लॅस्टिकच्या जाड थैल्यांत गुंडाळलेले तीन लॅपटॉप. त्यातला एक काढून, फडक्याने पुसून त्याने धाकट्यापुढे धरला. करडा, चपटा, वहीएवढा हलका.

"घे. हॉस्पिटल काय, अख्खं शहर काढ यावर."

धाकट्याने झाकण उघडलं. पडदा झळकला. त्याच्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. तेही त्याला पुढे आठवत राहिलं. इतका घाण वास नाकात असताना तो "वा!" म्हणाला होता.

मग जेवताना थोरल्याने किस्सा सांगितला. बाकीचे दोन लॅपटॉप त्याने विकायला आणले होते, गिऱ्हाइकं ठरलेली होती. माणशी एक, स्वतःच्या वापराचा सोडतात, पण विकायचे नवे कोरे घेऊन सरळ चालत गेलो असतो तर अडवलं असतं. म्हणून त्याने तिकीट काढतानाच आईसाठी चाकांची खुर्ची मागून ठेवली होती.

"आईला? खुर्ची?" धाकट्याची बायको म्हणाली. "त्या तर जिनासुद्धा..."

"अगं, तीच तर गंमत! उतरल्यावर आईला खुर्चीत बसवलं, अंगावर शाल, मांडीवर ही पिशवी. सांगितलं, मान एका बाजूला टाकायची, डोळे अर्धे मिटायचे, कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही. आणि हिने," त्याने वहिनीकडे बोट केलं, "विमानाच्या संडासात त्या डायपरवर नासलेलं दूध ओतून ठेवलं होतं. चहाच्या पाण्यात कालवून. रंगही बरोबर!"

वहिनी पदर तोंडाला लावून हसली. "मला तर ओकारी येत होती हो."

"आणि झालं काय," थोरला घास हातात तसाच धरून म्हणाला, "कस्टमची एक पोरगी होती. तिने पिशवी उघडली मात्र, असं तोंड केलं! लगेच बंद केली. म्हणाली, आजींना आधी स्वच्छ करून घ्या, जा तुम्ही. आम्हाला रांगेतून पुढे काढलं. स्वतः दार उघडून धरलं!"

धाकटा हसला. हसू ओठावर येऊन गेलं आणि मागून न्हाणीघरातल्या पाण्याचा आवाज ऐकू आला. इतका वेळ तो चालूच होता. तो उठला आणि न्हाणीघराच्या दारापाशी गेला. दार उघडंच होतं. आई प्रवासाच्याच कपड्यांत उभी होती आणि हात धूत होती. इस्पितळात धुवायची तशी, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, कोपरापर्यंत. साबण संपत आला होता.

"आई, जेवायला चल."

"तुम्ही घ्या. मला नको."

तो परत येऊन पानावर बसला. पानातलं अन्न त्याला बघवेना. समोर थोरला बोटं चाटत होता.

"दादा, तिने अडतीस वर्षं लोकांचं हगणंमुतणं काढलं. आणि तू तिला..."

"जेवताना काय हे," वहिनी म्हणाली.

"तिला काही झालं का?" थोरला म्हणाला. "दहा मिनिटं खुर्चीत बसली. कुणासाठी? तुझ्यासाठी. ती नाहीच म्हणत होती. मी म्हटलं, धाकट्याचं काम अडलंय, तेव्हा बसली."

धाकट्याने पान पुढे सारलं.

"मला माहीत असतं तर..."

"तर काय? मी सांगत होतो की! तूच म्हणालास, सांगू नकोस. आता सोवळं नेसतोस होय? नको असेल तर दे परत, मला पन्नास गिऱ्हाइकं आहेत."

लॅपटॉप परत द्यायला धाकट्याचा हात उठला नाही. हॉस्पिटलचा नकाशा पंधरा दिवसांत द्यायचा होता.

तीन दिवस तो लॅपटॉप टेबलावर झाकलेला होता. घरभर वास नसताना धाकट्याला वास यायचा. त्याने झाकण पुसलं, कळा पुसल्या, पुन्हा पुसल्या. चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या इंजिनिअरचा फोन आला, आणि धाकटा निमूटपणे त्यावर कामाला बसला. काम झरझर झालं. सहा मजले एका क्षणात उघडले. जिना फिरवून बघता आला, वॉर्डातल्या खाटा मांडता आल्या. संध्याकाळी उठताना आपण दिवसभर मजेत होतो हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की तो थुंकायला उठून गेला.

आई त्या चार दिवसांत घराबाहेर पडली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तिने कडक पातळ नेसलं आणि त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मला विमानतळावर ने. आणि हा लॅपटॉप घे बरोबर."

"कशाला?"

"त्या पोरीला भेटायचंय." आईने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "तिने माझा हात धरला होता. थोरल्याने सांगितलं नाही ते. वाकून माझ्या कानाशी म्हणाली, आजी, लाजू नका, माझ्या आजीलाही असंच व्हायचं. मी हेच वाक्य किती जणांना म्हटलं असेल! आणि ती मला म्हणत होती तेव्हा मी मान टाकून, लाळ गाळल्यासारखं तोंड करून बसले होते. मला ते गिळवत नाही रे."

"आई, चूक माझी आहे."

"तुझी आहेच. माझी मला निस्तरू दे."

बसने दोघं विमानतळावर गेले. कस्टमचं ऑफिस मागच्या बाजूला होतं. बुटकी इमारत, लांबलचक व्हरांडा, भिंतींच्या कोपऱ्यांत थुंकीचे डाग. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवणी होत होत दोघं एका कारकुनापुढे येऊन पोहोचले. त्याच्या टेबलावर फायली आणि फायलींवर उघडा जेवणाचा डबा.

आईने उभ्यानेच सगळं सांगितलं. खुर्ची, पिशवी, दूध. एक शब्द गाळला नाही. कारकून चावत ऐकत होता.

"कोण पोरगी म्हणता?"

"उंच आहे. डाव्या गालावर तीळ."

"आजी, इथे पाळ्या असतात. मी कुठे तीळ शोधत बसू? आणि आता काय हवंय तुम्हाला? माल तर गेला की बाहेर."

"कर घ्या. दंड असेल तर तो घ्या. पावती द्या."

कारकुनाने पहिल्यांदाच नीट लॅपटॉपकडे बघितलं. तेलकट बोटं विजारीला पुसून तो हातात घेतला, उलटा केला, झाकण उघडलं आणि हळूच शीळ घातली. दाराकडे एक नजर टाकून तो धाकट्याकडे वळला.

"केवढ्याला पडला तिकडे?"

धाकट्याने आईकडे बघितलं.

"नाही, माझी मुलगी यंदा कॉलेजात जातेय. असाच हवाय तिला. तुमचे बंधू परत कधी जाणार आहेत?"

धाकट्याला वाटलं, लॅपटॉप उचलून त्या डब्यात आदळावा. आई मात्र शांत होती. तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"पावती मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "मला चालता येतं, बसताही येतं."

दोन तास ती तिथे ताठ बसून राहिली. येणारे-जाणारे बघायला लागले. आतल्या खोलीतून साहेबाने डोकावून "काय प्रकार आहे?" विचारलं, तेव्हा कुठे कारकुनाने कपाळाला आठ्या घालून फॉर्म काढला. कर, वर दंड. आईने पेन्शनचे पैसे बरोबर आणले होते. धाकट्याने खिशात हात घातला तर तिने नजरेनेच त्याला थांबवलं.

"एकच होता ना?" कारकुनाने लिहिता लिहिता विचारलं.

"तीन होते," आई म्हणाली. "दोन माझ्या थोरल्या मुलाकडे आहेत. पत्ता सांगते, लिहून घ्या."

कारकुनाचं पेन थांबलं. तो आईकडे असा बघायला लागला जणू तिनेच काहीतरी घाण केली होती.

"पोटच्या पोराचं नाव सांगताय?"

"सांगतेय."

"मी नाही लिहिणार. उगाच लफडं. ही घ्या पावती आणि जा घरी." त्याने डबा पुढे ओढला.

घरी आल्यावर आईनेच थोरल्याला फोन लावला आणि घडलं ते चार वाक्यांत सांगितलं, कारकुनाला त्याचा पत्ता देऊ केला होता हेही सांगितलं. मग फोन धाकट्याच्या हातात दिला आणि कपडे बदलायला गेली. थोरला चिडून तोंडसुख घेईल, रडेल, निदान शरमेने गप्प होईल, अशी धाकट्याची अपेक्षा होती.

"किती भरले?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने आकडा सांगितला.

"अरे गाढवांनो!" थोरला कळवळून म्हणाला. "इथल्या दुकानापेक्षा महाग पडला की! जायच्या आधी मला विचारायचं तरी. तिथला एक साहेब माझ्या ओळखीचा आहे, चहापाण्यात काम केलं असतं."

धाकट्याने फोन ठेवला.

हॉस्पिटलचा नकाशा वेळेत पूर्ण झाला, पैसेही चांगले मिळाले. थोरला अजून येतो, नवे किस्से सांगतो, आईच्या पाया पडतो. आई त्याला "खुशाल राहा" म्हणते आणि उठून आत जाते. धाकटा समोर बसून त्याला चहा देतो. स्वतः घेत नाही. थोरल्याने अजून एकदाही त्याचं कारण विचारलेलं नाही.